माझ्याच दुकानातल्या गोळ्या

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉ. सबनीस राउंडला आल्या आणि त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. पेशंटच्या हातात असा कागद सहसा देत नाहीत. पण मी मेडिकलचं दुकान चालवते हे त्यांना कळलं होतं.

"तुम्हाला वाचता येईल," त्या म्हणाल्या.

मला वाचता आलं. डावीकडे औषधांची नावं होती, उजवीकडे प्रत्येकापुढे एकेक अक्षर. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, त्या औषधाने जंतू मरतो. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही. पहिल्या ओळीपुढे आर होता. दुसऱ्या ओळीपुढे आर. मी बोट ठेवून खाली खाली येत गेले. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन. सगळी माझ्या रोजच्या ओळखीची. दुकानातले दिवे गेले तरी मी ती रॅकवरून अचूक काढून दिली असती. त्यातलं एकही आता माझ्या कामाचं नव्हतं.

अगदी तळाशी मोजके एस होते. त्यातलं एक औषध आदल्या दिवसापासून सलाइनमधून मला चालू होतं.

"याला युरोसेप्सिस म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "लघवीच्या मार्गातलं इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं आणि तिथून रक्तात गेलं. जंतू साधा आहे, ई कोलाय. सगळ्यांच्याच आतड्यात असतो. पण तुमचा ईएसबीएल जातीचा आहे. तो असं एक एन्झाइम तयार करतो, की नेहमीची बरीचशी औषधं त्याला मारण्याआधीच तुटून जातात."

"आणि आता जे चाललंय ते?" माझा नवरा श्रीकांत पलंगापाशी उभा होता, त्याने विचारलं.

"ते लागू पडेल असं दिसतंय. रिपोर्ट तसं सांगतो. पण हे राखून ठेवायचं औषध आहे. याच्या पुढे आमच्याकडे फार काही उरत नाही."

श्रीकांतने मान हलवली. मी कागदाची घडी घातली आणि उशीखाली ठेवला. काय करावं ते सुचत नसलं की माणूस अशी कामं करतो.

मी बावन्न वर्षांची आहे. श्रीकांतने आणि मी एकाच कॉलेजात डी. फार्म. केलं, पुढे लग्न केलं आणि पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला एका गल्लीत दुकान काढलं. दुकानाच्या वरच राहतो. मी हे लिहितेय ते मी बरी झाले म्हणून. आणि ज्या वाटेने मी त्या पलंगापर्यंत पोचले, ती वाट पुष्कळ घरांतून जाते म्हणून.

सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. लघवीला जळजळ व्हायला लागली. काउंटरवर गर्दी असली की मी तासन्‌तास पाणी प्यायची नाही, वर घरी जायचा कंटाळा करायची. बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मी रॅकवरून एक स्ट्रिप काढली, दोन दिवसांत आराम पडला, तिसऱ्या दिवशी गोळ्या थांबवल्या. उरलेल्या ड्रॉवरमध्ये टाकल्या, पुढच्या वेळेला होतील म्हणून. पुढची वेळ आली. तीही तशीच निभावली.

एकदाही तपासणी केली नाही. मी इतकी औषधं ओळखत होते, की आजारही ओळखते असं मला वाटायचं.

हॉस्पिटलात गेले त्या मार्चमध्ये मात्र गोळी लागू पडेना. मी दोन दिवसांनी गोळी बदलली. चौथ्या दिवशी दुपारी एका बाईंना कफ सिरप देताना माझे हात थरथरायला लागले. अशी हुडहुडी भरली की दात वाजू लागले. कमरेच्या वर, उजव्या बाजूला, कुणी दाबून धरावं तसं दुखत होतं. वर जाऊन दोन पांघरुणं घेतली, उलटी झाली, ताप एकशे तीन होता. मी श्रीकांतला म्हटलं, पॅरासिटामॉल दे, उतरेल.

आमची मुलगी ऋता खराडीला एका आयटी कंपनीत आहे. श्रीकांतने तिला फोन केला आणि ती कामावरून तशीच निघून आली. मी तिलाही गोळ्यांचीच नावं सांगत होते.

"आई, प्लीज. तू डॉक्टर नाहीयेस," ती म्हणाली. "मी कॅब बोलावलीये. चप्पल घाल."

मला राग आला होता. तरी मी चप्पल घातली. आज त्या रागाची आठवण झाली की मला लाज वाटते, आणि तिच्या हट्टाची आठवण झाली की हायसं वाटतं.

इमर्जन्सीत बीपी लागेना. म्हणजे लागत होतं, पण नर्सने पट्टा तीनदा बांधून पाहिला, इतकं ते खाली होतं. वरचा आकडा चौऱ्याऐंशी. दोन्ही हातांतून रक्त घेतलं, लघवी घेतली, आणि मगच पहिलं इंजेक्शन दिलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कल्चर म्हणजे त्या नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे आणि कोणत्या औषधाने ते मरतात ते पाहायचं. आधीच अँटिबायोटिक पोटात गेलेलं असलं तर जंतू नीट वाढत नाहीत आणि उत्तर चुकू शकतं. मी तर चार दिवस गोळ्या खाऊनच गेले होते. माझा जंतू तरीही जोमाने वाढला. त्यातच काय ते कळायला हवं होतं.

रिपोर्ट यायला दोन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध देतात. माझ्या बाबतीत तो अंदाज चुकला, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बीपी पुन्हा पडलं आणि मला एचडीयूत हलवलं. ही आयसीयूच्या एक पायरी अलीकडची खोली. सतत लक्ष ठेवायचं अशा पेशंटांसाठी. तिथलं मला तुटक तुटक आठवतं. ऋताने माझा पाय घट्ट धरून ठेवला होता. श्रीकांत कुणाशी तरी फोनवर बोलत होता आणि बोलता बोलता त्याने भिंतीकडे तोंड केलं. आपण मरतो आहोत की काय, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. भीती वाटली नाही, इतकी मी थकले होते. भीती नंतर वाटली, घरी आल्यावर.

दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला की जंतू वाढतोय आणि चिवट दिसतोय. पूर्ण रिपोर्टची वाट न पाहता डॉ. सबनीसांनी औषध बदललं. मेरोपेनेम सुरू केलं. त्या दिवशी त्या थांबल्या असत्या तर मी आज हे लिहीत नसते.

कागद हातात देऊन झाल्यावर त्याच राउंडला त्यांनी मला विचारलं, "गेल्या दोन वर्षांत अँटिबायोटिक किती वेळा घेतलं?"

"एकदा-दोनदा," मी म्हटलं.

श्रीकांत खिडकीकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, आमच्याकडे गोळ्यांसाठी जिना उतरला की झालं. तुम्ही जरा जास्तीचा आकडा धरा."

मग मी खरं सांगितलं. जळजळीसाठी सहा वेळा. घसा धरला म्हणून दोनदा. एकदा नुसता ताप होता, लग्नाला जायचं होतं म्हणून. सांगताना मी खाली पाहत होते. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"माझ्या शरीराला औषधांची सवय झाली का?" मी विचारलं. खरं तर मला याचं उत्तर माहीत असायला हवं होतं. कॉलेजात शिकले होते.

"शरीराला नाही, जंतूंना," त्या म्हणाल्या. "तुम्ही गोळी घेता तेव्हा ती फक्त दुखऱ्या जागी जात नाही. आतड्यातल्या जंतूंवरही चालते. जे मरायचे ते मरतात. ज्यांना ती मारू शकत नाही ते उरतात, आणि बाकीचे गेल्यामुळे त्यांना ऐसपैस जागा मिळते. दर वेळी थोडे आणखी. मग एक दिवस तेच वर चढतात."

"म्हणजे हे मीच केलं."

"तसं मी छातीठोकपणे सांगणार नाही. असे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, पाण्यातून, अन्नातून येतात. कुणा दुसऱ्याने खाल्लेल्या गोळ्यांचा जंतूही तुमच्याकडे आलेला असू शकतो. पण तुम्ही त्याला रान मोकळं करून दिलंत, एवढं नक्की."

त्या गेल्या. त्यांचं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कुणा दुसऱ्याने खाल्लेल्या गोळ्या. त्या दुसऱ्यांना गोळ्या कोण देत होतं? आमच्या गल्लीत तरी मीच. "ताई, कालच्यासारख्याच दोन द्या," म्हणून लोक यायचे आणि मी कात्रीने स्ट्रिप कापून द्यायची. चिठ्ठी मागायची नाही. लोक घाईत असतात, डॉक्टरकडे रांग असते, आणि आपण मदत करतोय असं वाटतं. वाईट हेतू कधीच नव्हता. पण जंतूला हेतू कळत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे घाम आला. उशी भिजली, गाऊन भिजला. नर्सने ताप पाहिला आणि माझ्याकडे बघून हसली. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. तिने चादर बदलली, मला चहा दिला. तो चहा पाणचट होता आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. श्रीकांत आला तेव्हा मी उठून बसले होते. तो बाजूच्या खुर्चीत बसला आणि पाच मिनिटांत झोपून गेला. चार दिवसांत तो पहिल्यांदा झोपत होता.

पाचव्या दिवशी किडनीची सोनोग्राफी करायची होती. आत खडा किंवा अडथळा असेल तर इन्फेक्शन पुन्हा उलटू शकतं, म्हणून. खोलीबाहेर व्हीलचेअरवर मी नंबरची वाट पाहत होते. शेजारच्या व्हीलचेअरवर मांजरी गावच्या एक बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, पित्ताशयाच्या खड्यांसाठी आलेल्या. त्यांनी मला काय झालंय विचारलं. मी सोपं करून सांगितलं, की साध्या गोळ्या लागू पडत नाहीत.

"आमचं बरं हाय मग," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं मेडिकलवालाच डागदर हाय. लई गुणाचा माणूस. नुसतं सांगायचं काय होतंय, की त्यो पुडीत गोळ्या बांधून देतो. दोन दिसांत बरं वाटतंय. तुम्ही कुणाकडनं घेत होता गोळ्या?"

"माझ्याकडूनच," मी म्हटलं. "मीपण मेडिकलवालीच आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आणि तरी तुम्हाला असं झालं?"

"म्हणूनच झालं बहुतेक."

मग मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. जमेल तितक्या साध्या शब्दांत. अँटिबायोटिक म्हणजे कुठल्याही दुखण्यावर चालणारी गोळी नव्हे. सर्दी, खोकला, फ्लू, बरेचसे जुलाब यांवर ती काहीच करत नाही, तरी दोन दिवसांनी बरं वाटतं, कारण तो आजार दोन-चार दिवसांनी आपला आपणच जाणार असतो. श्रेय गोळीला मिळतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या मेडिकलवाल्याला कुणी सांगितलं नसंल," त्या म्हणाल्या.

मला सांगितलेलं होतं. वर्गात सांगितलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, दुकानातल्या औषधविक्रीच्या रजिस्टरवर छापलेलंही होतं. पण हे मी त्यांच्यापाशी बोलले नाही. माझा नंबर आला आणि मला आत नेलं. किडनीला सूज होती, खडा नव्हता, अडथळा नव्हता. बाहेर आले तर त्यांची खुर्ची गेलेली होती.

सहाव्या दिवशी मला घरी सोडलं. अजून चार दिवस इंजेक्शन लागणार होतं, पण त्याच जातीचं, दिवसातून एकदाच घ्यायचं असं एक मिळतं. दुपारी दुकान बंद असायचं त्या वेळात श्रीकांत मला स्कूटरवरून हॉस्पिटलच्या डे केअरमध्ये घेऊन जायचा. डे केअर म्हणजे इंजेक्शन घ्यायचं, तासभर बसायचं, घरी यायचं. शेवटच्या इंजेक्शनला नर्सने हातातली सुई काढली आणि त्या जागी कापूस धरायला सांगितला. मी तो घरी येईपर्यंत धरून ठेवला होता, रक्त कधीच थांबलं होतं तरी.

ताकद यायला तीन आठवडे लागले. मग मी एक दिवस खाली दुकानात येऊन बसले आणि श्रीकांतला म्हटलं, "चिठ्ठीशिवाय एकही अँटिबायोटिक द्यायचं नाही. सुटं तर नाहीच."

"लोक पलीकडच्या दुकानातून घेतील."

"घेऊ देत."

"म्हणजे जंतूला काय फरक पडला?"

 मी म्हटलं, "माझ्या हातून नको, एवढंच." त्याने थोडा विचार केला आणि काउंटरखालची कात्री उचलून वर घरी नेऊन ठेवली. हे त्याचं हो म्हणणं.

चार दिवसांनी देवधर काका आले. बँकेतून निवृत्त झालेले, आमचे पहिल्या वर्षापासूनचे. "घसा धरलाय. ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या."

"काका, चिठ्ठी आणा. त्याशिवाय नाही देता येणार."

"इतकी वर्षं देत होतात ती काय होती?"

"चूक होती."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "आता मला तुमच्याकडे औषध घ्यायला यायचं, तर आधी दुसरीकडे जाऊन परवानगी आणायची. छान. पाटी लावा तशी." आणि ते निघून गेले. मला वाईट वाटलं. मी त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, ताप आला किंवा गिळताना जास्त दुखलं तर डॉक्टरांना दाखवा, असं म्हणणार होते. ते अर्ध्यातच राहिलं. मग मी फोन करून सांगितलं. त्यांनी "ऐकलं" म्हणून फोन ठेवला.

आठवड्याने ते दाढीचं सामान घ्यायला आले. पिशवी उचलता उचलता म्हणाले, "घसा बरा झाला. तुमच्या मदतीशिवाय."

पुण्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

आता शेवटचं सांगते, कारण माझा धडा पुरता झाला नव्हता. मे महिन्यात, कुणी सांगितलेलं नसताना, मी जवळच्या लॅबमध्ये लघवीचं कल्चर करून घेतलं. धीर नव्हता. आत काही उरलंय का, एवढंच मला पाहायचं होतं. रिपोर्ट आला. तोच जंतू, तीच सगळी अक्षरं.  ऋताला काही न सांगता मी तो कागद घेऊन डॉ. सबनीसांच्या ओपीडीत जाऊन बसले. माझ्या आधी अकरा पेशंट होते. पुन्हा ती सुई, पुन्हा तो पलंग, आणि या वेळी औषध चाललंच नाही तर. दोन तास मी हेच घोकत होते.

त्यांनी कागद पाहिला आणि तो टेबलावर पालथा ठेवला.

"जळजळ आहे?"

"नाही."

"ताप? पाठीत दुखणं?"

"काहीच नाही."

"मग ही टेस्ट केलीत कशाला?"

मी पालथ्या कागदाकडे हात नेला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "काही माणसांच्या लघवीत जंतू नुसते राहतात. त्रास देत नाहीत. त्याला असिम्प्टमॅटिक बॅक्टेरियुरिया म्हणतात, म्हणजे लक्षणं नसताना जंतू असणं. गर्भारपण, मूत्रमार्गाचं एखादं ऑपरेशन, अशा थोड्याच वेळा त्याला औषध देतात. तुम्हाला लागत नाही. दिलं, तर मी जंतूंना आणखी शिकवीन. उपचार माणसाला करायचा असतो, रिपोर्टला नाही. पाणी प्या, लघवी अडवून ठेवू नका, आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी या. मध्ये काही घेऊ नका."

"म्हणजे काहीच औषध नाही?"

"काहीच नाही. घरी जा."

मी बाहेर आले. ऊन होतं. इतकी वर्षं मी समजत आले, की डॉक्टरांकडून रिकाम्या हाताने परत येणं म्हणजे फेरी फुकट गेली. त्या दिवशी मला रस्त्यावर उभं राहून हसू आलं. तिथून रिक्षा करून मी मंडईत गेले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. कैऱ्या घेतल्या, कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या, गर्दीतून आपल्या पायांनी चालले. पिशवी जड झाली, तरी मध्येच कुठे टेकावंसं वाटलं नाही.

घरी आले तर श्रीकांतने दुकानातूनच विचारलं, "काय दिलं डॉक्टरांनी?"

"काही नाही."

तो काउंटरच्या बाहेर आला. मग त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चल, मग आज पन्हं कर."